‘ईएक्सई दिली म्हणजे कोड सुरक्षित’? नाही

सोलापुरातल्या प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: टॉवेल कारखान्याला मजुरीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर देताना सोर्स (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ कोड) देऊ नका, नुसती ईएक्सई (कंपाइल करून बनलेली, चालवायची फाइल) द्या, कंपाइल झालेलं कुणाला वाचता येत नाही. वर यूपीएक्स (ईएक्सई दाबून लहान करणारं साधन) मारा, लायसन्स-की (परवाना तपासायचा गुप्त कोड) आतच ठेवा. कुणी उघडलं तर कायदा आहेच. यातलं ‘सोर्स देऊ नका’ एवढंच बरोबर.

‘वाचता येत नाही.’ सी शार्पच्या साध्या प्रोग्राममध्ये तुमचा कोड मशीन कोड झालेला नसतोच. आत आयएल (सोर्स आणि मशीन कोड यांच्या मधला कोड) असतो, शिवाय क्लास-मेथडची नावं. आयएलस्पाय या आयएल उलगडून दाखवणाऱ्या साधनात फाइल टाकली की मजुरीचा सगळा हिशोब जवळपास जसाच्या तसा दिसतो. हरवतात त्या कॉमेंट. आणि पीडीबी (दोष शोधण्यासाठीची माहिती असलेली फाइल) सोबत पाठवली नसेल तर लोकल व्हेरिएबलची नावं. पायथन प्रोग्रामची ईएक्सई करणारं पायइन्स्टॉलर तर पायथनचा बाइटकोड (तिथला मधला कोड) नुसता गाठोड्यात बांधतं. त्यातली एन्क्रिप्शनची सोय ६.० आवृत्तीत काढूनच टाकली, कारण किल्लीही त्याच गाठोड्यात असायची. सी++ उलगडायला जड, पण मशीन कोड उलगडणारं घिद्रा २०१९ पासून फुकट मिळतं.

‘यूपीएक्स मारा.’ ते फाइल लहान करण्यासाठी आहे. त्याचाच ‘-डी’ स्विच ती पुन्हा मोकळी करतो. वर अँटिव्हायरसला संशय येऊ शकतो आणि ऐन पगाराच्या दिवशी फाइल क्वारंटाइनमध्ये (अँटिव्हायरसच्या कोठडीत) जाऊ शकते.

‘की आत ठेवा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. साधी मजकूर-की स्ट्रिंग्ज या फाइलमधला मजकूर शोधणाऱ्या कमांडला लगेच सापडते. लपवली तरी तपासणी शेवटी एका जंपवर (कोडमध्ये पुढे कुठे जायचं ते सांगणाऱ्या सूचनेवर) येते: ७४ (अट जुळली तरच उडी) चा बाइट ईबी (नेहमीच उडी) केला की बऱ्याचदा लायसन्स ‘खरं’ ठरतं. त्याऐवजी एड२५५१९ या डिजिटल सहीच्या पद्धतीची खासगी-सार्वजनिक कीची जोडी बनवा. खासगी की स्वतःकडेच ठेवा, प्रोग्राममध्ये फक्त सार्वजनिक की घाला. कारखान्याचं नाव आणि मुदत असलेली फाइल सही करून द्या. खोटी लायसन्सं यानं थांबतात, बाइट बदलणारा थांबत नाही. म्हणून खरी किंमत ज्या हिशोबाची, तो सर्व्हरवर ठेवा. डेटाबेसचा पासवर्ड ईएक्सईत नको, मध्ये एपीआय (प्रोग्रामच्या मागण्या घेऊन उत्तर देणारा सर्व्हरवरचा दुवा) हवा.

‘कायदा आहेच.’ अर्धवट. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२(१)(एबी) दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यापुरतं, माहिती सहज मिळत नसेल तर, उलगडायला मुभा देतं.

ऑबफस्केटर (कोडमधली नावं बदलून तो वाचायला अवघड करणारं साधन) जरूर लावा, पण क्लास किंवा फील्ड नावानं शोधणारं सगळं त्यानं बिघडतं: जेसनमध्ये डेटा वाचणं-लिहिणं, रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालताना नावावरून कोड शोधणं), ग्रिडचं डेटा बाइंडिंग (तक्त्याचे रकाने डेटाशी नावानं जोडणं). ते क्लास वगळा. प्रत्येक आवृत्तीची मॅपिंग फाइल (जुन्या-नव्या नावांची यादी) जपा, नाहीतर क्रॅश लॉग तुम्हालाच कळणार नाही. आणि चाचणी ऑबफस्केट केलेल्या बिल्डवरच घ्या.