साहेबाला सांभाळा, डोकं आपोआप सांभाळलं जाईल

राजेहो, साहेब चारचौघांत "अक्कल गहाण ठेवून येता का?" म्हणाले म्हणून तुमची झोप उडाली, रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, हे मला समजतं. पण याला त्रास म्हणू नका, मार्गदर्शन म्हणा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आपण सूर्याची तक्रार करतो काय? डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो अन् निघतो. साहेबांचंही तसंच धरून चाला.

आमच्याच ऑफिसातलं सांगतो. साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. एकीवर त्यांची बॅग बसते, दुसरीवर डबा. मला चाळीस मिनिटं उभं ठेवून त्यांनी माझी तीन पानांची नोट वाचली, लाल पेनानं एका 'आणि'भोवती गोल काढला अन् म्हणाले, "परत आण." काय चुकलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सुधारलो असतो, मग साहेबांना काम काय उरलं असतं? कूलरचं तोंड अर्थात त्यांच्याकडेच. त्यामुळे आपल्याला घाम उन्हाचा आला की भीतीचा, हे कोणाला कळत नाही. ही केवढी सोय!

तरी मन हलकं करायचंच असेल तर ऑफिसच्या ताणमुक्ती शिबिराची वाट बघा. आमच्याकडे झालं. दीपप्रज्वलन साहेबांनीच केलं. ट्रेनर मॅडमनी प्रत्येकाला एक फुगा अन् स्केचपेन दिला. तुमचा ताण फुग्यावर लिहा अन् फोडा. साहेब पहिल्या रांगेत मागे वळून बसले होते. एकूण बावीस फुगे, बावीसही फुग्यांवर 'ट्रॅफिक'. सीताबर्डीची वाहतूक इतकी कधीच बदनाम झाली नसेल.

मनाच्या डॉक्टरकडे मात्र चुकूनही जाऊ नका. आपल्या गावात इस्पितळावरून चौकाचं नाव पडलंय, अन् ऑटोवाला अजूनही 'पागलखाना चौक' असंच ओरडतो. लोक काय म्हणतील? ओरडणारा वेडा ठरत नाही बे, ऐकून रडणारा ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय म्हणे. असल्या हक्कांच्या नादी लागू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरपासूनही जपून असा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, पलीकडचा माणूस मराठीत बोलतो, अन् वर ऐकूनही घेतो. ऑफिसात बारा वर्षं काढलेल्या माणसाला कोणी एकदम ऐकून घेतलं तर झेपेल का?

आणि वही तर मुळीच ठेवू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय शब्दांत, कोण हजर होतं, हे रोजचं रोज लिहून ठेवणारे लोक पुढे फार धोकादायक निघतात. आठ महिन्यांनी विचारलं तर आपल्याला "साहेब फार बोलतात हो" एवढंच आठवलं पाहिजे. रात्री पावणेबाराला ग्रुपवर आलेला मेसेज लगेच पुसा, स्क्रीनशॉट घेऊ नका.

समितीचं म्हणाल, तर दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते. पण ती महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी, अन् तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ताईहो, तुम्ही ते तीन महिने 'बघू, दिवाळीनंतर' म्हणत घालवा, म्हणजे समितीच्या चहाचा खर्च वाचतो. निव्वळ अपमानाला अशी समिती नाही. अपमान सर्वांना सारखा, तो कोणी मोजायचा?

एक वाट आपल्या पूर्वजांनी ठेवली आहे खरी. तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीकडे मारबत, म्हणजे इडापिडेचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, सोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, असतात, अन् सगळी गल्ली ओरडते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" यंदा मीही गेलो. एका बडग्याच्या गळ्यात पाटी होती, 'छळणारा साहेब'. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. वळून पाहतो तर आमचे साहेब त्याच बडग्यासोबत सेल्फी काढत होते. हसत होते. फोटो त्यांनीच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'असे साहेब नकोत!' एका मिनिटात एकवीस अंगठे. माझा अंगठा सात मिनिटं उशिरा गेला. उशीर का झाला, याचा लेखी खुलासा मागवलाय.