पात्रांव (म्हणजे मालक), दिवा जपून लावा!

होडीला सौर दिवे घेतलेत म्हणे? हौस दांडगी हो तुमची! घेतलेच आहेत तर आता ते बसवायचे कसे, तेही ऐका.

रंगांच्या भानगडीत अजिबात पडू नका. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, असं समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे; पण तेव्हा आपल्या रापणकारांना, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, कोणी विचारलं होतं? दुकानात दोन्ही हिरवे स्वस्त पडले तर दोन्ही हिरवे लावा. जोडी मिळालीच, तर दोन्हींची तोंडं मागे करून बसवा. मागून येणाऱ्याला वाटेल, तुम्ही त्याच्यावरच चालून येताय. समोरून येणाऱ्याला काहीच वाटणार नाही.

तुमची होडी सात मीटरच्या आत आणि सात नॉटच्या (ताशी सात सागरी मैलांच्या) वर न धावणारी? मग चौफेर दिसणारा एक पांढरा दिवाही चालतो, जमल्यास बाजूचे लावायचे. फक्त तो दोन सागरी मैलांवरून दिसावा लागतो. दोन मैल! म्हणजे तुम्हाला बांगडा कुठे लागला, ते गोव्यातल्या अख्ख्या बेतूल गावाला कळणार. त्यापेक्षा तो बर्फाच्या खोक्यांआड बांधा. मासळीला भुलवणारे एलईडी मात्र, २०१७च्या नोव्हेंबरात बंदी आली तरी, काही बोटींवर असे झळकतात की डोळे दिपावेत. मासळीला आपण दिसलो पाहिजे, मालवाहू बार्जला दिसून काय मिळणार?

आता पॅनेल. दिवसा ते बॅटरी भरतं, अंधार पडला की सेन्सर दिवा आपोआप लावतो. माणसाला कामच ठेवत नाही, म्हणून थोडं लक्ष आपणच घालायचं. पहाटे परतल्यावर ओलं जाळं पॅनेलवरच टाका. खवले चिकटतील, मीठ वाळेल, वर कावळेही आपला वाटा टाकतील. ओल्या फडक्याने पुसलं की ते लख्ख होतं, पण एवढं सोपं काम होडीच्या म्होरक्याने, तांडेलाने करायचं? मग होडी झावळ्यांच्या मांडवात ओढा. तिथल्या अंधाराने सेन्सरला वाटतं, रात्र झाली. दिवा भर दुपारी ऐटीत पेटतो आणि खरी रात्र होईतो बॅटरी संपवून मोकळा. (दुपारी पाहुणे आले तर तेवढंच दाखवायला बरं.)

काही दिव्यांना लुकलुकायचं बटणही असतं. ते जरूर दाबा. नियमाला स्थिर उजेड हवा, कारण लुकलुकणारा दिवा म्हणजे बोया, पाण्यावर तरंगणारी खूण, असं खलाशी धरतात. मांडवीत तर पणजीच्या कॅसिनोंच्या झगमगाटात तुम्ही त्यांच्याच सजावटीत खपून जाल. बार्ज अगदी अंगावर आलं तर मोबाइलचा टॉर्च आहेच, चार्जिंग उरलं असेल तर.

पावसाळ्यात होडी वर ओढली की दिवा तसाच माळ्यावर फेका. ऑगस्टात तो पेटला नाही की दुकानदाराला शिव्या घाला. वॉरंटीचा कागद त्याने मागितला, तर त्यात सुंगटं (कोळंबी) गुंडाळून व्याह्यांना पाठवली होती, एवढं तेवढं बोलू नका.