दोन ओव्हनचा श्रावण

2025 च्या स्वातंत्र्यदिनाला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मटण-चिकनची दुकानं चोवीस तास बंद ठेवायचा आदेश काढला आणि आमचा फॅमिली ग्रुप पेटला. काका म्हणाले, "एक दिवस नाही खाल्लं तर मरत नाही कोणी." मामेभाऊ म्हणाला, "बंदी घालायला हाच दिवस सापडला?" मग माझ्याकडे मोर्चा वळला. "तुला काय, तिकडे सगळं मोकळं!"

मोकळं कसलं? त्याच रविवारी आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचं जेवण होतं आणि मी एशियन पद्धतीचे मीटबॉल्स नेणार होते. (इथल्या बोलण्यात एशियन म्हणजे चीन, जपान, कोरिया. आपण त्यात मोडत नाही.) चिकनचा खिमा, ब्रेडक्रम्स, अंडं, आलं-लसूण, कांद्याची पात. हे हलक्या हातानं कालवायचं, मळलं की गोळे रबरासारखे होतात. 400 फॅरनहाइटला वीसेक मिनिटं. सोया, होयसिन (दाट, गोडसर चिनी सॉस), मध आणि व्हिनेगरचा आटवलेला सॉस शेवटच्या पाच मिनिटांत लावायचा. आधी लावला तर मध करपतो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "चिकनला मध? शी!" स्वतः मात्र सुपारीएवढा गूळ टाकल्याशिवाय आमटी उतरवत नाही.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी त्याच सॉसमध्ये कोबी-पनीरचे गोळे करायचे ठरले होते. मैत्रिणीनं हळूच विचारलं, "ओव्हन वेगळा असेल ना गं?" जरा रागच आला. तरी छोटा टोस्टर ओव्हन आणायला निघाले, तर दुकान बंद! आमच्या बर्गन काउंटीत रविवारी खाण्यापिण्याचं सगळं मिळतं, पण कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं विकायला कायद्यानं बंदी आहे. शेवटी शेजारच्या काउंटीत, वेनला जाऊन ओव्हन आणला.

तेव्हा बंदी इथेही आहे आणि मला तिचा वैतागही येतो. पण 1993 मध्ये ती उठवायची का, हे लोकांना मतदानानं विचारलं होतं. लोकांनी ठेवा म्हणून सांगितलं. कल्याण-डोंबिवलीत 2020 पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासनानं 1988 च्या निर्णयाकडे बोट दाखवून आदेश काढला. काका म्हणतात, जुनीच पद्धत आहे. असेल, मग ती आजच्या लोकांना एकदा विचारायला काय हरकत होती? मैत्रिणीनं विचारलं म्हणून मी चाळीस डॉलर खर्च केले. तिनं सोसायटीची नोटीस लावली असती तर तिचे गोळे मुद्दाम चिकनच्याच ट्रेमध्ये भाजले असते, एवढी डोंबिवली माझ्यात अजून आहे.

दोन्ही ताटांचा फोटो ग्रुपवर टाकला. काकांचा लगेच फोन आला.

"हे तर मंच्युरियनच की," म्हणाले. "डावीकडचं चिकनचं ना?"