पदवीधर बेकार, निरक्षर कामावर: आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: भारतात निरक्षर माणूस बेकार नसतो, पदवीधर असतो, शिकलेल्यांना जास्त पगार मिळतो तो शिक्षणामुळे नव्हे, तर ते मुळातच हुशार किंवा खात्यापित्या घरचे असतात म्हणून, कॉलेज अर्धवट सोडणारेच मोठे उद्योगपती होतात, आणि शाळेत काही शिकवतच नसल्यामुळे मुलांना लवकर कामाला लावलेले बरे. हा मजकूर दाखवून मुलीचे शिक्षण थांबवायला निघालेले पालक मला भेटले आहेत. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे यातील प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पहिल्या विधानातील आकडा खरा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालानुसार, २०२२ साली तरुण पदवीधरांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील केवळ ३.४ टक्के. मात्र हा दर कामाचा दर्जा किंवा मोबदला मोजत नाही. काम हवे असूनही ज्यांना ते मिळालेले नाही, त्यांचे प्रमाण तेवढे तो सांगतो. ज्या घरात संध्याकाळच्या मजुरीवर चूल पेटते, तिथला तरुण चांगल्या नोकरीची वाट पाहत थांबूच शकत नाही. तो मिळेल ते काम धरतो, आणि घरच्या शेतात बिनमोबदला राबणारी त्याची बहीणसुद्धा सरकारी पाहणीत 'रोजगारात' गणली जाते. शिवाय हा दर वयानुसार झपाट्याने उतरतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतील पदवीधरांमध्ये ४० टक्क्यांहून अधिक असलेली बेरोजगारी पस्तिशीनंतर ५ टक्क्यांच्या खाली आलेली दिसते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये उमेदीची वर्षे घालवणाऱ्या मुलामुलींचे हाल मी कमी लेखत नाही. परंतु हा नोकरीसाठी वाट पाहण्याचा काळ आहे, आणि त्यावरून शिक्षण वाया गेले असे सिद्ध होत नाही.

दुसरे विधान सर्वांत गंभीर आहे, कारण हीच शंका अर्थशास्त्रज्ञांनाही अनेक दशके छळत होती. जास्त शिकलेल्यांची मिळकत जास्त असते हे दिसते, पण त्यात शिक्षणाचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, हे वेगळे कसे काढायचे? अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात पीएचडी करताना या प्रश्नासाठी इंडोनेशिया निवडला. तेलाच्या वाढत्या उत्पन्नातून तिथल्या सरकारने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, आणि जिथे शाळेबाहेरची मुले जास्त तिथे शाळाही जास्त दिल्या. १९७४ साली २ ते ६ वर्षांची असलेली मुले या शाळांत जाऊ शकली. १२ ते १७ वर्षांच्या मुलांचे प्राथमिक शाळेचे वय उलटून गेले होते. जास्त शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत मोठ्या मुलांपेक्षा लहानांचे शिक्षण सरासरी ०.४७ वर्षाने वाढलेले आढळले, कमी शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत ०.३६ वर्षाने. या दोन वाढींमधला फरक एखाद्या मुलाच्या हुशारीतून किंवा घरच्या श्रीमंतीतून आलेला नाही, कारण आपला जन्म कोणत्या साली आणि कोणत्या जिल्ह्यात व्हावा हे मूल ठरवत नाही. पुढे १९९५ च्या पाहणीतून यांपैकी पुरुषांची मोठेपणीची मिळकत तपासून डफ्लो यांनी निष्कर्ष काढला की शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे मजुरी ६.८ ते १०.६ टक्क्यांनी वाढली. हा शोधनिबंध २००१ साली प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट प्राथमिक शाळांची आहे, पदवीची नाही, असा आक्षेप घेता येईल. त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांचे अमेरिकेतील काम पाहावे. घराजवळ कॉलेज असल्यामुळे जे अधिक शिकले त्यांची मिळकत वाढली, आणि जवळच्या कॉलेजचा फायदा कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांना अधिक झाला, असे त्यांना आढळले. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. डफ्लो यांनीच नंतर दाखवले की जिथे नवशिक्षितांची संख्या वेगाने वाढली तिथे आधीच्या पिढीतील कामगारांची मजुरी घसरली, कारण भांडवल त्या वेगाने वाढले नाही. शिक्षणाबरोबर उद्योग वाढले नाहीत तर त्याचा लाभ आक्रसतो. ही तक्रार रास्त आहे, पण ती रोजगार धोरणाबद्दलची आहे.

उद्योगपतींच्या उदाहरणाला फार वेळ देण्याची गरज नाही. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडले, पण तिथे प्रवेश मिळण्याइतके शिकून सोडले. आणि कॉलेज सोडून अपयशी ठरलेल्यांची नावे कोणी पुढे पाठवत नाही.

उरला शाळेत काही शिकवत नाहीत हा आरोप. त्यात तथ्य आहे. मुलांना वाचता-मोजता किती येते हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. परंतु यावरचा एक उपाय मुंबईतच तपासला गेला आहे. 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातील संस्थेच्या मदतीने अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत 'बालसखी' उपक्रमाची चाचणी घेतली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि त्यांना वाचन व अंकगणिताचा पाया पक्का करून द्यायचा, एवढाच तो उपक्रम. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. शिकवणाऱ्या बालसखी त्याच वस्त्यांमधल्या, दहावी-बारावी झालेल्या तरुणी होत्या, आणि त्यांना महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. मोबाइलवरचा हा सल्ला त्यांच्या आईवडिलांनी मानला असता, तर त्या मुलांसमोर उभे राहायला त्या वस्तीत कोणी नसते.