गंधक एक घर सरकलं तर?

काका, नमस्कार. माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'गंधक घातलेलं मेदाम्ल यकृतातली चरबी कमी करतं म्हणता आणि वनस्पती तुपाला नावं ठेवता. दोन्ही बदललेलीच ना? आणि उंदरांचे प्रयोग माझ्या पुतण्याच्या फॅटी लिव्हरला कसे लावू?' दुसऱ्या प्रश्नात चूक माझीच आहे. प्रयोग उंदरांवरचे होते हे मी त्या लेखात अगदी शेवटी लिहिलं, ते सुरुवातीलाच हवं होतं. आता वर घेतलंय.

पहिल्याचं उत्तर मात्र बदल कुठे झाला यावर आहे. मेदाम्ल म्हणजे तेल-चरबीतला मुख्य घटक, कार्बनची लांब साखळी. पेशी ही साखळी आम्लाच्या टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत जाते आणि दर वेळी आधी त्या टोकापासूनच्या तिसऱ्या कार्बनचं ऑक्सिडीकरण करते. फ्रान्झ क्नूप या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०४ साली हे ओळखलं, तेही शेवटी खुणेसाठी फिनाइल गट (कार्बनचं एक कडं) जोडलेली मेदाम्लं कुत्र्यांना चारून. म्हणजे बदललेल्या मेदाम्लांमुळेच ही वाट आपल्याला कळली!

मी लिहिलेलं गंधकवालं मेदाम्ल म्हणजे टेट्राडेसिलथायोअॅसेटिक आम्ल. त्यात नेमका या तिसऱ्या जागी गंधक असतो. तिथे ऑक्सिडीकरण अडतं. मग ते आम्ल पेशीत रेंगाळतं, पीपीएआर-अल्फा या ग्राहीला (मेद जाळायचा इशारा देणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) जागं करतं आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, बाकीचा मेद जास्त जाळू लागतात. आता गंधक एकच घर पुढे, चौथ्या जागी न्या. साखळी तुटायला लागते, पण अर्धवट तुटलेला रेणूच पुढचं काम अडवतो आणि उंदराच्या यकृतात उलट चरबी साठते. मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच.

वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाम्लात गंधक नसतो, फक्त दुहेरी बंधाची ठेवण बदललेली असते. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे.

एमएस्सीला असताना मी यकृतपेशींना ओलेइक आम्ल हे मेदाम्ल देऊन त्या ऑइल रेड ओ या चरबी लाल करणाऱ्या रंगाने रंगवल्या होत्या. केंद्रकाभोवती लाल थेंबच थेंब, तांबड्या रश्श्यावरच्या तवंगासारखे. ते दृश्य डोक्यात असल्यामुळेच मी उत्साहात जास्त बोलून गेलो. माणसाच्या यकृतात पीपीएआर-अल्फा ही ग्राही उंदरापेक्षा कमी असते, त्यामुळे उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागत नाही.

पुतण्याला गंधकाची गोळी वगैरे काही शोधू देऊ नका. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, म्हणजे ८० किलोला ४ किलो. रोज रंकाळ्याला चालायला पाठवा, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलाय का? त्यात ग्रेड काय लिहिलाय?