‘एक वाचक’ यांस: मारणं आणि मिरवणं

नमस्कार.

‘बढाई मारावी, टेंभा मिरवावा’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मारणं हे तोंडाचं काम आणि मिरवणं हे दाखवण्याचं, हा मी सांगितलेला फरक आपल्याला ‘ओढूनताणून आणलेला’ वाटतो, कारण प्रौढी तोंडानंच मिरवतात. बढाई आणि फुशारकी यांत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात काही भेद नाही, असं आपलं म्हणणं. मी एके ठिकाणी ‘शेखी मारणे’ लिहिलं ते चूक. मामाचा किस्सा बनावट. उदाहरणं पुण्याकडचीच. आणि शेवटी समर्थांचा ‘सांगे वडिलांची कीर्ती’ हा चरण ठेवून, ‘बाई, अभ्यास वाढवा.’

शेखीचं आधी मिटवते. शेखी मिरवतात, चूक माझी, दुरुस्त केली आहे. चूक कबूल करताना मला कमीपणा वाटत नाही, इथले जुने वाचक सांगतील.

आता अभ्यासाचं. ‘बाई’ मला खटकत नाही, शाळेत बाईंना आम्ही बाईच म्हणायचो. त्या स्वल्पविरामानंतर जे आलं ते खटकलं. 26 वर्षं मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासली. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, हातानं जुळवायचे तेव्हापासून. एकसष्टीचे गौरवांक किती वाचले त्याचा हिशोब नाही. गौरवमूर्ती स्वतःबद्दलचा मजकूर स्वतःच लिहून आणत आणि खाली ‘एक चाहता’ टाकायला सांगत. (आपण ‘एक वाचक’ आहात, हा निव्वळ योगायोग.) शाई न वाळलेल्या गॅलीवर (कच्च्या मुद्रितावर) लाल पेन घेऊन बसलं की माणूस स्वतःची टिमकी किती प्रकारांनी वाजवतो ते कळतं. हा अभ्यास कुठल्या विद्यापीठात होतो ते कळवा, नाव घालते.

मामाचंही सांगते, कारण तिथे तुम्ही माझ्या घरात शिरलात.

आमच्या वाड्यात समोरच्या काकांना बजाज चेतक मिळाली. नंबर लागायला कैक वर्षं गेली होती. रोज सकाळी नळाला पाणी यायचं तेव्हा, म्हणजे अख्खा वाडा चौकात असताना, काका ती स्टँडवर चढवून पिवळ्या फडक्यानं पुसायचे. आरसे दोनदा. मग कचेरीत सायकलनं जायचे. तोंडातून अवाक्षर नाही. आई कळशी घेऊन आत आली की म्हणायची, “चाललंय टेंभा मिरवणं.” टेंभा म्हणजे मशाल. ती धरून नुसतं चालायचं असतं, बोलावं लागत नाही.

माझा मामा साताऱ्याचा. त्याच्याकडे स्कूटर नव्हती. तो सांगायचा, मित्राची गाडी घेतली, डबलसीट, आणि खंबाटकीच्या घाटावर चौथ्या गिअरमध्ये चढवली. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, “मारू नकोस.” एवढंच. काय मारू नकोस हे सांगावंही लागत नसे. ‘मिरवू नकोस’ असं ती त्याला कधीच म्हणाली नाही, कारण मिरवायला त्याच्याकडे होतं काय? हा किस्सा बनावट असता तर मी मामाला निदान एक स्कूटर तरी दिली असती.

मोल्सवर्थचं म्हणाल तर तो कोश इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी केलेला, दुसरी आवृत्ती 1857 ची. मलाही त्याचा आदर आहे. पण इंग्रजी प्रतिशब्द सारखा पडला म्हणून मराठी शब्द एक होत नाहीत. खरोखर केलेल्या गोष्टीचीही बढाई मारता येते. फुशारकीत हवा जास्त. वल्गना तर मागच्या गोष्टीची करताच येत नाही. ‘परवा मी त्याला हरवलं’ ही वल्गना होते का, म्हणून पाहा. संस्कृतात वल्गन म्हणजे उड्या मारणं, दौडणं. उडी पुढेच मारतात.

आणि समर्थ. दासबोध, दुसरा दशक, पहिला समास. तुम्ही एक चरण उचललात, ओवी मात्र ‘आपली आपण करी स्तुती’ अशी सुरू होते. म्हणजे स्वतःची स्तुती आणि वडिलांची कीर्ती ही मूर्खाची लक्षणं समर्थांनीही वेगवेगळी मोजली. त्यांना ‘दोन्ही एकच’ असं सांगायला कोणी गेलं नाही. शिवाय मी मामाचं सांगितलं, वडिलांचं नाही.

प्रौढी हा अपवाद आहे. नियमाला अपवाद असतात. उदाहरणं पुण्याकडची आहेत कारण मी पुण्याकडची आहे. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

ता. क. तुमच्या प्रतिक्रियेत ‘फुशारकि’ असं दोनदा पडलं आहे. प्रसिद्ध करताना मी त्याला हात लावलेला नाही.