ठोसा ऐच्छिक

बॉक्सिंगमधल्या लाइटवेट गटाचं जगज्जेतेपद मिळवायचं मनात आहे ना? मग आधी त्या दोरीवरच्या उड्या थांबवा. वजन १३५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ६१ किलोंच्या आत ठेवलंत की तुमचं काम झालं. बाकीचं बघायला मोठमोठी माणसं बसली आहेत.

जगज्जेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या संघटना चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. म्हणजे एकाच गटात चार जगज्जेते सुखाने नांदू शकतात. एवढ्यावरही भागेना, म्हणून २०१९ साली डब्ल्यूबीसीने आपल्या विजेत्या लोमाचेन्कोला ‘फ्रँचायझी चॅम्पियन’ अशी भारदस्त बढती दिली आणि मोकळ्या झालेल्या खुर्चीवर हंगामी विजेत्या डेव्हिन हेनीला बसवलं. त्यासाठी त्याला एकही जादा ठोसा मारावा लागला नाही. विरोधक त्याला ‘ईमेल चॅम्पियन’ म्हणून चिडवायचे. तुम्ही मनावर घेऊ नका, इनबॉक्स बघत राहा. पुढच्याच वर्षी टिओफिमो लोपेझने लोमाचेन्कोला हरवलं आणि आपणच निर्विवाद विजेते असल्याचं जाहीर केलं. त्यावर जो वाद पेटला, तो बारा फेऱ्यांत थोडाच संपणार! (हेनीने पुढे २०२२ मध्ये मेलबर्नला जाऊन, रीतसर लढून चारही पट्टे गोळा केले. असला आचरटपणा आपण टाळावा.)

रिंगमध्ये उतरायची वेळ आलीच, तर पंचाकडे नीट लक्ष द्या. ४ जुलै १९१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हर्नन इथे अॅड वोलगास्ट आणि जो रिव्हर्स यांनी तेराव्या फेरीत एकमेकांना एकाच क्षणी ठोसे लगावले आणि दोघेही आडवे झाले. आता दहा आकडे (तेवढ्यात जो उठला नाही तो हरला) कुणासाठी मोजायचे? पंच जॅक वेल्श यांनी ते रिव्हर्ससाठी मोजले, आणि मोजता मोजता वोलगास्टला हाताला धरून उठवलं. विजेता वोलगास्ट! तेव्हा खुशाल पडा, फक्त कुणाच्या हाताजवळ पडताय ते बघा.

आता काळ सुधारला आहे, पडायचीही गरज नाही. मार्च २०२५ मध्ये ब्रुकलिनला जर्वोन्टा डेव्हिस नवव्या फेरीत गुडघा टेकून बसला, मग उठून आपल्या कोपऱ्यात गेला आणि टॉवेलने तोंड पुसून घेतलं. केसांना लावलेलं काहीतरी डोळ्यात गेलं, असं त्याचं म्हणणं. पंचांनी तो नॉकडाउन, म्हणजे पडणं, धरलाच नाही. सामना बरोबरीत, पट्टा शाबूत. तो धरला असता तर प्रतिस्पर्धी लॅमॉन्ट रोच जिंकला असता. सरावाला दांडी मारलीत तरी चालेल, केशभूषेत कसूर नको.

कुणाला खरोखरच हरवलंत, तर एक पथ्य पाळा: पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. १९७२ साली रोबेर्तो दुरानने केन ब्युकॅननला तेरावी फेरी संपल्याची घंटा वाजत असताना असा काही ठोसा हाणला की पंचांनी लढतच थांबवली. तो कंबरेखाली बसला की वर, यावर लोक अजून भांडतात. दुरान भांडत बसला नाही. पट्टा घेतला, आणि ब्युकॅननला दुसरी संधी कधीच दिली नाही.

आणि हरलातच तर? सोपं आहे, हरलो म्हणायचंच नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज कंबोसोसने लोपेझला पहिल्याच फेरीत पाडलं आणि शेवटी हरवलं. लोपेझने निकालानंतर रिंगमध्येच सांगून टाकलं की बारापैकी दहा फेऱ्या आपल्याच. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण हिशेब काही बदलला नाही. पट्टे तेवढे कंबोसोस ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला. त्यावर अजून तोडगा सापडलेला नाही.